दुसरं मीठ

कोळीवाडा, पोस्ट बोर्ली पंचतन, जि. कुलाबा
२२ मार्च १९६२

नलूच्या बाबांना तुळशीचा नमस्कार.

परवा बोर्लीच्या बाजारात चहावाल्याच्या फळीवर एक जण मोठ्याने पेपर वाचत होता. तुमच्या रंगूनला लष्कराने राज्य घेतलं म्हणे. मी टोपली खाली ठेवली नि ऐकत उभी राहिले. तर हा बाबा अर्ध्यातच थांबला नि जाहिराती बघायला लागला. मी म्हटलं, अहो, रंगूनचं पुरं करा की. तर म्हणतो, बाई, तुला काय करायचंय रंगूनचं? आता ह्याला काय सांगू, की माझा नवरा तिथे हाय नि आमच्या आख्ख्या वाड्याची वाकटी मासळी तिथेच जाते.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लष्करातल्या लोकांनाबी मासळी लागतेच की. उलट जास्त लागंल." त्या निवांत हायत. मी न्हाय. म्हणून हे पत्र.

तिकडे गोळीबार झाला का, तुमी वखारीतून बाहेर पडता का, शेट काय म्हणतात, ते सगळं कळवा. धर्मादादा तुमची पत्रं लिहून देतात त्यांचे उपकार हायत, पण त्यांना सांगा, नुसतं "इकडील सर्व क्षेम" लिहून उरलेला कागद कोरा सोडू नका. कोऱ्या कागदालाही तेवढंच टपाल पडतं.

दुसरं, सोनाबाई नि बाकीच्या बाया विचारतात, यंदा वाकटी मिठात घालायची की न्हाय? तुमी शेटच्या वखारीत माल पारखायला बसलात तेव्हापासून वाड्याने बोंबील टांगायच्या वलांडी मोडल्या, त्यांचे बांबू चुलीत घातले नि मिठाची पिंपं आणली. घाटावरचे लोक बिनमिठाचं सुकं खातात, रंगूनला मिठातलं लागतं. दोन्ही एकदम करायला कोणाकडे हात हायत? सोनाबाई म्हणते, "तुझा दादला सांगंल तसं करू." तेव्हा लवकर सांगा. त्या माझ्या तोंडाकडे बघतात नि मी पोस्टमनच्या.

लाल दोऱ्याने शिवलेल्या बोज्यात सोडे नि आमसुलं घातली हायत. तो बोजा तुमीच उघडा. मागच्या वेळी सोडे कोणी खाल्ले ते तुमी लिहिलं न्हाय.

नलू चौथीत पहिली आली. तुमाला सांग म्हणाली.

तुळशी

१० नोव्हेंबर १९६३

नलूच्या बाबांना तुळशीचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. आता तिकडे परदेशचा माल सरकारच घेणार, शेटना परवाना मिळतो की न्हाय ते माहीत न्हाय, तरी काळजी करू नये असं लिहिलंत. बरं. करत न्हाय. मुंबईच्या व्यापाऱ्याने यंदा निम्म्याहून कमी बोजे मागवले, त्याचीही करत न्हाय.

इकडची एक गंमत सांगते. रेशनच्या दुकानात रंगूनचा जाड तांदूळ यायचा ना, ज्याला आपण सगळे नावं ठेवायचो, तो बंद झाला. दुकानदार म्हणतो, तिकडचा तांदूळही आता सरकारच्या हातात गेला, शेतकरी पिकवायला मागत न्हाईत, बोटी येत न्हाईत. आता लाल गहू देतात. सासूबाईंना गव्हाचं पचत न्हाय. त्या रोज त्या जाड तांदळाची आठवण काढतात, जसा काही त्यांच्या माहेरचा तांदूळ होता. आपली मासळी तिकडे जायची नि त्यांचा भात इकडे यायचा, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. आता दोन्ही थांबल्यावर सुचलं.

तुमच्या वखारीतला रेवसचा येसाजी सुट्टीवर आला तो आपल्याकडे येऊन गेला. तुमी त्याच्याबरोबर पाठवलेली रंगीत कागदी छत्री पोचली. छान हाय. पण ती नलूला होत न्हाय. नलू आता माझ्या कानापर्यंत पोचते. ती छत्री तीन-चार वर्षांच्या पोरीची हाय. तुमी नलूला शेवटची बघितलीत तेव्हाही ती एवढी लहान नव्हती.

येसाजी बाहेर ओट्यावर सासूबाईंशी बराच वेळ बोलत बसला होता. मी आत भाकऱ्या थापत होते. काय बोलला ते मी विचारलं न्हाय. सासूबाई त्या दिवशी जेवल्या न्हाईत, पोटात गुबारा धरलाय म्हणाल्या.

तुमचं जेवणखाण तिकडे नीट होतं असं येसाजी म्हणाला. बरं झालं. माणसाला वेळेवर गरम मिळालं पाहिजे.

शिमग्याला या. वखारीत कामच न्हाय तर बसून काय करता? तुमची आई थकली. वाड्याची पालखी नाचवायला आपल्या घरातून दर वर्षी कोणीच नसतं, मग रावजी तांडेल त्याच्या पोराला आपल्या घरचा म्हणून खांदा द्यायला लावतो. ते मला बघवत न्हाय. बारा वर्षांत दोनदा आलात. शेट सुट्टी देत न्हाईत असं लिहू नका. येसाजीला देतात.

ह्या खेपेला सोडे पाठवले न्हाईत.

तुळशी

१८ एप्रिल १९६४

नलूच्या बाबांना तुळशीचा नमस्कार.

शिमगा झाला. तुमी आला न्हाईत. त्याबद्दल काही लिहीत न्हाय.

आपला माल परत आला. मुंबईच्या धक्क्यावरून, होता तसा, मचव्यात भरून. व्यापाऱ्याचा माणूस बरोबर होता. त्याने सांगितलं, रंगूनला सगळी दुकानं सरकारने एका दिवसात ताब्यात घेतली, दारावर शिपाई उभे केले, शेटच्या वखारीवरही. आता तिकडे माल घेणारा कोणीच उरला न्हाय. बोजे किनाऱ्यावर टाकून तो गेला. आमी बाया उचलून मासळी सुकवायच्या खळ्यात घेऊन आलो. जो माल जायचा असतो तो उचलताना जड लागत न्हाय. परत आलेला लागतो.

धर्मादादांच्या अक्षरातलं तुमचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं. शिपाई वखारीतला माल मोजताहेत, मोजणी झाली की सगळं सुरळीत होईल, असं तुमी लिहिलंत. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं मला.

मग चार दिवसांनी घाटावरचा व्यापारी आला. त्याला कुठून वास लागला कोण जाणे. त्याने वाकटी मोडून बघितली नि म्हणाला, "खारी हाय, पण भिजवून खातील लोक. पडत्या भावात समदा माल उचलतो." सोनाबाई माझ्याकडे वळली. आख्खं खळं वळलं. "तुळशे, बोल. द्यायचा का?"

मी न्हाय म्हटलं. मी म्हटलं, ह्यांचं पत्र आलंय, वखार उघडेल. तोवर माल राखायचा.

आता वाकटीला एक मीठ दिलं तर ती ज्येष्ठापर्यंत राहते, हे तुमाला सांगायला नको. पावसाळा काढायचा तर ती परत ओली करून दुसरं मीठ द्यावं लागतं. ते आमी दिलं. पेणहून मिठाच्या गोणी आणल्या, पिंपं परत भरली, वाकटी परत उन्हात घातली. हाताची सालं निघाली. नलूही शाळा बुडवून लागली होती. रावजी तांडेल बांधावर उभा राहून म्हणाला, "वहिनी, एकदा सुकलेल्याला परत मीठ? हे कोनी खानार न्हाय." मी त्याला म्हटलं, भाऊजी, रंगूनचे खातील. तिकडे भाताबरोबर चिमटीभर लागतं. हे तुमीच मला सांगितलेलं.

खरं सांगू? तो माल घाटावर गेला असता तर इथून तुमच्याकडे जायला काहीच उरलं नसतं. म्हणून मी न्हाय म्हटलं. हे बायांना सांगितलं न्हाय.

तुळशी

२१ जून १९६४

नलूच्या बाबांना,

मागच्या पत्राला उत्तर न्हाय. हे तरी पोचतं की न्हाय कोण जाणे. पोस्टमास्तर म्हणाले, लिहा, घ्यायला आमची ना न्हाय, पुढचं तिकडच्या सरकारला माहीत.

येसाजी कायमचा परत आला. रेवसहून मुद्दाम चालत-एसटीने आला नि सगळं सांगून गेला. तिकडे नोटा रद्द केल्या, वखारीतल्या लोकांना काढून टाकलं, आपल्या लोकांना बोटीत बसवून मद्रासला धाडताहेत. अंगावरच्या कपड्यांत. तो तसाच आला. मी विचारलं, मग हे का आले न्हाईत? त्याने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "सांग आता तिला. तिला म्हाईतच हाय."

व्हय, मला माहीत होतं. छत्री आली तेव्हापासून.

तिचं नाव मा खिन. वखारीच्या मागे राहते. पोरगी चार वर्षांची हाय, तुमी तिला केसर म्हणता. येसाजी म्हणाला, बाईला बाहेर पडायचा परवाना मिळत न्हाय, ती तिकडची, नि पोरीला सोडून तुमचा पाय निघत न्हाय. बोटी तुमच्यादेखत जातात नि तुमी धक्क्यावरून परत घरी जाता.

मला राग आला का? आला. मी त्या दिवशी मागच्या दारी जाऊन कोयता घेऊन नुसता पाला तोडत बसले. बारा वर्षं मी ह्या घरचं मीठ-मासळी बघितली, तुमच्या आईचे पाय चेपले, वाड्याला तुमच्या नावावर राबवलं. कोणाच्या जिवावर? पण ते राहू दे. त्याला आता वेळ न्हाय.

खळ्याचं सांगते. दमट हवा सुरू झाली नि वाकटीतलं मीठ पाझरायला लागलं. बोजे खालून ओले. घाटावरचा व्यापारी मध्यंतरी परत आला होता, आमीच निरोप धाडून बोलावला. त्याने एक तुकडा जिभेला लावला नि थुंकला. म्हणाला, "बाई, हे मासं न्हाई, मिठाचं ढेकूळ हाय." फुकट द्यायला गेलो तरी घेईना. शेवटी दिवेआगरचे वाडीवाले बैलगाड्या घेऊन आले नि नारळी-सुपारीच्या मुळाशी घालायला घेऊन गेले. खत म्हणून. त्यातला एक म्हणत होता, एवढं मीठ सुपारीला सोसेल का बघायला पाहिजे. सुपारीलाही विचारून घ्यायची पाळी आली.

मला वाटलं होतं बाया दारात येऊन शिव्या घालतील. कोणी आली न्हाय. सोनाबाई आली ती आपल्या घरचे मूठभर तांदूळ घेऊन आली, सासूबाईंसाठी. मी म्हटलं, सोनाबाई, मला काहीतरी बोल. ती म्हणाली, "तुला काय बोलू? तुझा दादला तिकडं, आमची मासळी तिकडं. तू तरी काय करणार व्हतीस?" तिचा धाकटा मुंबईला गिरणीत चिकटतो का बघायला गेला. दोघा-तिघांच्या होड्या वर ओढून ठेवल्यात त्या श्रावणातही खाली जाणार न्हाईत, माणसंच न्हाईत.

तिकडे कोण खुर्चीवर बसलं नि कोण उठलं, त्याचं नावही मला धड घेता येत न्हाय. त्याने आमच्या वाड्याचं नाव कधी ऐकलंही नसेल. पण आमची चूल त्याने विझवली. मी कोणाकडे जाऊन भांडू?

म्हणून आता स्पष्ट लिहिते. तुमी या. पोरीसाठी थांबला असाल तर पोरीला घेऊन या. ती तुमच्या नावावर हाय, तिला परवाना मिळेल असं येसाजी म्हणाला. मी तिला नलूसारखी वाढवीन. तिला कमी-जास्त बोलणार न्हाय, कोणाला बोलू देणार न्हाय. सासूबाईंच्या गळ्यावर हात ठेवून सांगते, तुमाला माहीत हाय मी अशी शपथ घेत न्हाय.

सासूबाईंचं अंथरूण आता घातलेलंच असतं. दार वाजलं की मान वळवतात. ह्याच्यापेक्षा जास्त लिहीत न्हाय.

धर्मादादा, हे पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवा. शेवटचा भाग दोनदा वाचा.

तुळशी

३० ऑक्टोबर १९६४

मा खिन बाईस,

मी तुळशी. कोण ते तुला सांगायला नको. मला तुझी भाषा येत न्हाय, तुला माझी. धर्मादादा अजून तिकडेच हायत असं कळलं, त्यांच्या पत्त्यावर पाठवते. ते तुला वाचून सांगतील. धर्मादादा, जसं लिहिलंय तसं सांगा, मधलं गाळू नका.

हे आणि केसर गौरी विसर्जनाच्या दिवशी इथे पोचली. मद्रासपर्यंत बोट, मग रेल्वे, मग पनवेलहून एसटी. पोरीच्या अंगात ताप होता, तो उतरला. आता बरी हाय. सगळ्यात आधी हेच लिहायला पाहिजे होतं म्हणून लिहिलं.

सासूबाईंना लेक दिसला. त्या त्यानंतर पंधरवड्याने गेल्या.

तू तिला ज्या नावाने हाक मारायचीस ते ह्यांनी सांगितलं, पण माझ्या तोंडात ते नीट बसत न्हाय. मी म्हटलं की ती माझ्याकडे बघून हसते. म्हणून केसरच म्हणतो. आठ दिवस तिने भाताशिवाय कशाला हात लावला न्हाय. मग नलूने सुका जवळा भाजून दिला तो खाल्ला. आता आमच्याबरोबर खाते. आंघोळीला रडते. रात्री नलूला चिकटून झोपते. केसात उवा झाल्या होत्या, काढल्या. केस कापले न्हाईत, लांब होते, तू राखले असशील म्हणून.

ह्यांचं म्हणशील तर हे किनाऱ्यावर जाऊन बसतात. वाड्याने परत वलांडी उभ्या करायला घेतल्यात, बोंबील टांगायला. बांबू विकत आणावे लागले, जुने आमीच जाळलेले. हे हात लावायला जातात नि मधेच सोडून देतात. मी बोलत न्हाय. मला ह्यांच्याशी भांडायचं होतं, बारा वर्षांचं साठवून ठेवलं होतं. पण समोर जो आला त्याच्याशी काय भांडायचं?

हे एकदाच बोलले. मी विचारलं, तिने पोर दिली कशी? तेव्हा सांगितलं. धर्मादादांनी माझं पत्र तुझ्या ओट्यावर बसून वाचलं, नि तू विचारलंस म्हणून तुझ्या भाषेत करून सांगितलं. शेवटचा भाग दोनदा. तू तांदूळ निवडत होतीस. तांदूळ निवडून झाले, मग उठलीस नि पोरीचे कपडे काढून ठेवलेस. ह्यांना म्हणालीस, इथे वखार न्हाय, पगार न्हाय, उद्या माझ्यावरही काय येईल सांगता येत न्हाय, तिकडे ती बाई तिला वाढवीन म्हणते. धक्क्यावर आली न्हाईस.

बाई, मी ते पत्र ह्यांना लिहिलं होतं. माझा माणूस मला परत पाहिजे होता. पोर अडकवते तर पोर घेऊन या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिकडे ओट्यावर तू बसलेली असशील, तुझ्या कानावर ते पडेल, हे मला सुचलंच न्हाय.

मी श्रीवर्धनला जाऊन मामलेदार कचेरीत विचारून आले. पोरीला परत तिच्या आईकडे पाठवायचं असेल तर काय करावं लागतं? कारकुनाने दोनदा विचारलं, पाठवायचं? तिकडून लोक इकडे येताहेत नि तुमी तिकडे पाठवताय? मग म्हणाला, त्या देशाचा परवाना मिळत न्हाय. तुला इकडे येता येईल का विचारलं. त्याने नकाराची मान हलवली. पूर्वी आमचे बोजे जायचे तेव्हा मालाबरोबर एखादा माणूस जायचा, निरोप जायचा, डबा जायचा. आता इथून तिकडे काहीच जात न्हाय. मी तिला सोडायला येऊ शकत न्हाय नि तू न्यायला येऊ शकत न्हाईस. शपथ मी पाळीन, ते तुला सांगायला नको. पण ह्याच्यापलीकडे माझ्या हातात काही न्हाय.

आणखी एक गोष्ट हाय. लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं.

केसर आली तेव्हापासून झोपेत अमे, अमे करते. त्याचा अर्थ मी कोणाला विचारला न्हाय, झोपेत पोर कोणाला हाक मारतं ते विचारावं लागत न्हाय. सोमवारी मी खळ्यात बोंबील पलटत होते. ती बांधावर उभी राहिली नि माझ्याकडे बघून, जागेपणी, म्हणाली, अमे. मी ओ दिली न्हाय. तिने परत हाक मारली. मी खाली बघून काम करत राहिले. मग ती रडकुंडीला आली नि तिसऱ्यांदा हाक मारली.

तेव्हा मी ओ दिली.

तुळशी